दारातली तपासणी

संयोगिता वहिनी जळकी बाई आहे. हे मी त्यांना तोंडावर सांगून बसलोय, त्यामुळे मागून बोलल्याचं पाप माझ्या माथी नाही. शाहूपुरीतल्या आमच्या बोळात वरच्या मजल्यावर त्यांचं पाळणाघर आणि बरोबर खाली माझं औषधांचं दुकान. वर एखादं पोर शिंकलं तरी मला ऐकू येतं आणि संध्याकाळी त्याची आई माझ्या काउंटरवर उभी असते. हेवा म्हणजे काय हे मला कुणी शिकवायला नको. कोपऱ्यावर ते काचेचं मोठं मेडिकल झाल्यापासून मी रोज तिथल्या गिऱ्हाइकांकडे बघत चहा पितो आणि तो चहा अंगाला लागत नाही. पण वहिनींच्या हेव्यापुढे माझा हेवा म्हणजे अगदीच किरकोळ माल.

वहिनी मूळच्या गडमुडशिंगीच्या. लग्न होऊन शाहूपुरीत आल्या, नवरा लवकर गेला, पदरात आदर्श एवढासा. शेजारच्या दोन शिक्षिका शाळेला जाताना आपली पोरं त्यांच्याकडे ठेवायला लागल्या आणि बघता बघता पुढची खोली पोरांनी भरून गेली. मागच्या दोन खोल्यांत संसार, पुढे पाळणाघर. आवाज असा की गॅलरीतून हाक मारली तर भाजीवाला दोन बोळ पलीकडे थांबायचा. पोरं मात्र त्या आवाजाला भीत नव्हती, त्याच आवाजात झोपायची.

त्यांच्या कामाची एक रीत होती. पोराची चप्पल निघायच्या आधी दारातच तपासणी. शर्टाची कॉलर ओढून मान आणि पाठ बघायची, कानामागं बघायचं, मग "आ कर", आणि शेवटी दोन्ही मुठी उघडायला लावायच्या. नुसतं बघायचं म्हणून बघत नव्हत्या. मानेच्या घडीत बारीक लाल पुरळ आणि पोर खेळतंय, म्हणजे घामोळं, येऊ दे आत. आधी चढा ताप, डोळे लाल, खोकला, नाक गळतंय आणि मग कानामागून तोंडावर आणि तिथून खाली उतरत जाणारे डाग, म्हणजे गोवर. लसीचं कार्ड बघितल्याशिवाय त्या पोर घेतच नव्हत्या, म्हणून हा प्रकार अलीकडे क्वचित. पोटापाठीवर खाजणारे फोड, काही नवे, काही पाण्याने भरलेले, काहींवर खपली, सगळे एकाच वेळी, म्हणजे कांजिण्या. आणि एका गोष्टीत त्या क्षणभरही थांबत नव्हत्या. लाल-जांभळ्या डागावर काचेचा ग्लास दाबून धरायच्या. डाग फिका पडला तर ठीक. नाही पडला आणि पोराला ताप असला, तर मेंदूज्वराची भीती, म्हणून आईला तशीच रिक्षात घालून दवाखान्यात धाडायच्या. हे त्यांना एका डॉक्टरीणबाईंनी शिकवलं होतं, ज्यांचं पोर त्यांच्याकडे वाढलं.

चुकायच्याही. एका पोराला डास चावलेले तर त्याला कांजिण्या ठरवून घरी बसवला. बाप भांडायला आला. वहिनींनी शेवटपर्यंत डास मान्य केला नाही.

आता त्यांच्या रीतीतला मुख्य भाग. त्या दारात आजाराचं नाव घेत नसत. त्यांच्या माहेरची शिकवण अशी की पोराच्या अंगावर काही उठलं तर त्याच्यासमोर नाव उच्चारायचं नाही, नाव घेतलं की ते जास्त फुलतं. दाराआड कडुलिंबाचा डहाळा कायम ठेवलेला असायचा. त्यातली चार पानांची काडी आईच्या हातात द्यायची आणि म्हणायचं, "आज घरी ऱ्हाऊ दे." बोळातल्या बाया तेवढ्यावर समजायच्या. काडी हातात आली की आई मागे फिरायची, ऑफिसला फोन लावायची, पोराला डॉक्टरकडे न्यायची आणि सगळं सुकेपर्यंत परत आणायची नाही. मीही दुकानातून बघायचो. जिन्यावरून कुणी काडी घेऊन उतरलं की मी तापाचं औषध आणि कॅलॅमाइनची बाटली हाताशी काढून ठेवायचो.

मग समोरच्या इमारतीत अवंतिका आली.

अवंतिका कोल्हापूरचीच, वडील हेडमास्तर होते, स्वतः बालवाडीचा कोर्स केलेली. तिने समोरचा पहिला मजला घेतला, रंगीत सतरंज्या टाकल्या, भिंतीवर जिराफ काढला आणि चार कोपऱ्यांत कॅमेरे बसवले. आईबापांनी ऑफिसात बसून मोबाइलवर आपलं पोर बघायचं. दारात कपाळासमोर धरायचं तापाचं यंत्र. हिरवा दिवा लागला की आत. पोरं तिला मिस म्हणत. वर्षभरात वहिनींची अर्धी पोरं बोळ ओलांडून पलीकडे गेली.

वहिनींना तेव्हापासून जे लागलं ते काही औषधाने बरं होणारं नव्हतं. सकाळी गॅलरीत तांदूळ निवडायला बसायच्या आणि समोरच्या दारातल्या चपला बघायच्या. समोर घसरगुंडी आली की आठवड्यात यांच्याकडे घसरगुंडी. खाली येऊन मला विचारायच्या, तिच्याकडच्या पोरांना काय काय झालंय, कुणी काय औषध नेलं. मी म्हणायचो, वहिनी, गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगायचं नसतं. तरी तिकडे सर्दी पसरली की त्यांना जिन्यावरूनच कळायचं, आणि त्या दिवशी त्या मला थालीपीठ आणून द्यायच्या. मी ते खायचो, खोटं कशाला बोलू.

हे सगळं चाललं असतं. पण जूनमध्ये त्यांची सून अस्मिता हिने राजनंदिनीला, म्हणजे वहिनींच्या सख्ख्या नातीला, समोर घातलं.

अस्मिता विम्याच्या ऑफिसात, आदर्श फिरतीच्या नोकरीवर. नंदू तीन वर्षांची. अस्मिताचं म्हणणं, आईंकडे ती नात म्हणून हट्टी होते, तिकडे चार पोरांतली एक होईल, गाणी शिकेल. म्हणणं चुकीचं होतं असं मला वाटत नाही. पण ज्या बाईने अख्ख्या बोळाची पोरं वाढवली, तिच्या घरातलं पोर रोज सकाळी तिच्याच दारातून उतरून समोरचा जिना चढायचं. जाताना वरून वहिनींना टाटा करायचं. वहिनी टाटा करायच्या आणि आत जाऊन भांडी आपटायच्या. ती आपट मला खाली ऐकू यायची.

संध्याकाळी नंदू घरी आली की सगळं मिसचं. मिस अशी पोळी गुंडाळते, मिस असं गाणं म्हणते. आमच्या कोल्हापुरात बायकाही जातो, येतो म्हणतात, वहिनी तर म्हणतातच. एकदा त्या भाजीला निघताना "येतो गं नंदू" म्हणाल्या, तर पोरगी म्हणते, "आजी, येतो नाही, येते म्हणायचं. मिसनी सांगितलंय." अस्मिता हसली. वहिनी पिशवी घेऊन तशाच माझ्या दुकानात येऊन बसल्या आणि भाजीला गेल्याच नाहीत. मला म्हणाल्या, "पोरगी नेली तर नेली, जीभ बी नेली माझी."



आषाढातल्या एका शुक्रवारी जे झालं तेव्हा मी होलसेलवाल्याकडे माल आणायला गेलो होतो, दुकान बंद होतं. पुढचं मला नंतर वहिनींनीच सांगितलं, थोडं अवंतिकाने.

वहिनींकडे राजस नावाचं एक पोर नव्याने यायला लागलेलं. आईबाप बदली होऊन आलेले, बोळातल्या रीती त्यांना ठाऊक नाहीत. त्या सकाळी राजस आला तो लाळ गाळत. आई म्हणाली, दात येत असतील, रात्री जरा कणकण होती म्हणून सिरप दिलंय, दूध प्यायला नाही. वहिनींनी आ करायला लावलं, तो रडला. मूठ उघडली. तळहातावर मसुरीएवढे लालसर फोड, तळपायावरही तसेच. हँड-फूट-माउथ. पावसाळ्यात पोरांत फिरतो तो. जिवावरचा आजार नाही, पण लाळेतून, फोडाच्या पाण्यातून, शीतून झपाट्याने पसरतो. वहिनींनी कडुलिंबाची काडी आईच्या हातात ठेवली आणि म्हणाल्या, आज घरी ऱ्हाऊ दे.

त्या आईला वाटलं, आषाढातला शुक्रवार, देवाधर्माचं काहीतरी असेल, म्हणून पाळणाघर बंद. तिने काडी डोळ्यांना लावून पर्समध्ये ठेवली, पोराला कडेवर घेतलं आणि सरळ समोरचा जिना चढली. एका दिवसापुरतं ठेवून घ्या म्हणाली. अवंतिकाने कपाळासमोर यंत्र धरलं. सकाळच्या सिरपने ताप उतरलेला, हिरवा दिवा लागला. राजस आत.

वहिनी गॅलरीतून बघत होत्या. बोळ एवढा अरुंद की हाक मारायचीही गरज नव्हती, नुसतं मोठ्याने बोललं तरी पुरलं असतं. आणि आवाज तर त्यांचा होताच.

त्या बोलल्या नाहीत. यंत्र हाय की तिच्याकडं, यंत्राला दिसंल, असं मनात आलं, हे त्यांचेच शब्द. जिराफाखाली एकेक पोर रडायला लागलेलं, आईबाप मोबाइलवर बघतायत, असं सगळं त्यांच्या डोळ्यांसमोर उभं राहिलं आणि बरं वाटलं. बरं वाटलं असंच त्या म्हणाल्या. आणि नंदू? नंदूचं त्यांना त्या घटकेला सुचलंच नाही. जळण्यात एवढी गुंग झालेली बाई मी दुसरी बघितलेली नाही.

तेवढ्यात बोळातून मिरवणूक आली. आषाढात पंचगंगेचं नवं पाणी कळशांतून टेंबलाई देवीच्या देवळात न्यायचं, पुढे 'पी ढबाक', म्हणजे पिपाणी आणि ढोल, वाजत असतं. पोरं खिडकीशी धावली. अवंतिका हौशी, तिने पोरांसाठी प्लॅस्टिकच्या पिपाण्या आणून ठेवलेल्या, त्या वाटल्या. सगळी पोरं पी पी करायला लागली. वहिनी इकडून बघतायत. राजसने पिपाणी तोंडात घातली, त्याला तोंड दुखलं, त्याने काढली. शेजारी नंदू उभी. तिने ती घेतली आणि वाजवली.

वहिनी अनवाणी जिना उतरल्या. मिरवणुकीतून वाट काढत समोर चढल्या, आयुष्यात पहिल्यांदा. अवंतिकाला म्हणाल्या, गावाकडनं पाव्हणं आल्यात, नंदूला न्यायला आलो. तिच्या हातातली पिपाणी काढून कोपऱ्यात फेकली, तिला उचललं आणि निघाल्या. आत दहा-बारा पोरं अजून वाजवत होती. दारात अवंतिकाने कौतुकाने विचारलं, काकू, पहिल्यांदा आलात, चहा तरी घ्या. वहिनी म्हणाल्या, परत कवा तरी.

घरी आणून नंदूचे हातपाय साबणाने धुतले, चूळ भरायला लावली, कपडे बदलले. पाव्हणं कुठं आहेत, असं पोरगीने विचारलं तेव्हा गेले म्हणून सांगितलं.

पुढच्या आठवड्यात माझ्या काउंटरवर रांग लागली. सगळी समोरची पोरं. कुणाचा बाप म्हणतोय कांजिण्या, कुणाची आई म्हणतेय उष्णता, एकजण तर मोबाइलवर फोटो दाखवून स्ट्राँग अँटिबायोटिक मागायला लागला. माझं डोकं फिरलं. हा विषाणूचा आजार, अँटिबायोटिकचं इथे काही काम नाही, मी चिठ्ठीशिवाय देणार नाही, आधी डॉक्टरला दाखवा, असं घसा बसेपर्यंत सांगत होतो. डॉक्टरही तेच सांगून पाठवत होते. ताप असेल तर वजनाप्रमाणे पॅरासिटामॉल, गार मऊ खाणं, आंबट-खारट-तिखट बंद, हात सारखे धुवा, आणि पोर पाणी पितंय का, लघवी करतंय का, एवढं डोळ्यांत तेल घालून बघा. सुस्त पडलं, झटके आले, उलट्या थांबेनात, तर थांबू नका.

अवंतिकाने पाळणाघर बंद करून सगळं फरशीपासून खेळण्यांपर्यंत धुऊन काढलं. तिचं दार लावलेलं बघून वहिनी मला थालीपीठ घेऊन आल्या. मी ते घेतलं नाही, पण ते कामाच्या गडबडीत, मला तेव्हा काही माहीत नव्हतं.

त्याच संध्याकाळी नंदू तापली.

सकाळपर्यंत तोंड आलं, तळहात-तळपायांवर फोड उठले. डॉक्टरांनी तेच निदान केलं आणि बजावलं, पोटात पाणी जाऊ दे. वहिनींना हे काय नवीन होतं? कितीतरी परक्या पोरांना त्यांनी मांडीवर घेऊन चमच्या-चमच्याने गार दूध पाजलेलं. पण या वेळी त्यांना घाई होती. नंदू समोरच्या सगळ्या पोरांच्या आधी खडखडीत बरी झाली पाहिजे, असं त्यांच्या डोक्याने घेतलेलं. त्यांनी पहिलाच घोट ताकाचा दिला, मिठाचा. पोरगी किंचाळली. मग नाक दाबून साखरपाणी घातलं. ती ओकली. त्यानंतर आजी वाटी घेऊन खोलीत आली की नंदू तोंड उशीत खुपसायची. आईच्या हातूनही घेईना. वाटी आजीची, म्हणून वाटीचीच भीती बसली.

दुसऱ्या दिवशी दुपारी अस्मिता माझ्याकडे मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं न्यायला आली तेव्हा तिचा चेहरा बघवत नव्हता. सकाळपासून लघवी नाही. रडते पण डोळ्यांतून पाणी येत नाही. मी म्हटलं, आधी डॉक्टरांना फोन लाव. डॉक्टर म्हणाले, तासाभरात प्यायला लागली नाही तर घेऊन या, सलाइन लावू. आदर्श परगावी. मी पाकिटं घेऊन तिच्यामागे वर गेलो. अस्मिता दवाखान्यासाठी पिशवी भरायला लागली. पोरगी मधूनच एकच शब्द म्हणत होती, मिस.

अस्मिता म्हणाली, अवंतिकाला फोन करते. वहिनी म्हणाल्या, नको. अस्मिताला वाटलं, आता काहीतरी टाकून बोलतील, ती चिडून उभी राहिली. वहिनी म्हणाल्या, फोन नको, मीच जातो.

मीही त्यांच्यामागे उतरलो, भांडण झालंच तर मधे पडायला. अवंतिकाने दार उघडलं. तिच्या हातात फडकं, डोळे सुजलेले. आठवडाभर आईबापांच्या शिव्या खाऊन तिचा चेहरा उतरला होता. वहिनी उंबऱ्याबाहेरच थांबल्या.

"राजसचा हात मी त्याच सकाळी बघितलता," त्या म्हणाल्या. "मला म्हाईत हुतं. तुझ्या दारात त्येला न्हेला तवा मी वरनं बघत हुतो. बोललो न्हाई. माझ्या नातीला तेवढी काढून आणली. आता तू चल. ती माझ्या हातनं पीत न्हाई."

मीही तेव्हाच ऐकलं. मला राग आला, इतका की त्यांना हाताने बाजूला सारावं वाटलं. अवंतिकाने दाराची कडी धरली. मला वाटलं दार लावून घेईल. लावलं असतं तर मी तिला काही म्हणालो नसतो.

"काकू," ती म्हणाली, "बाकीची पण कुणाची तरी नातवंडंच होती."

मग तिने फडकं खाली ठेवलं, साबणाने हात धुतले आणि चपला घातल्या.

मी वर गेलो नाही. दुकानाच्या पायरीवर उभा राहिलो. वरून गाण्याचा आवाज यायला लागला, बेडकाचं कसलंतरी गाणं, बारीक आवाजात, परत परत तेच. मध्ये बराच वेळ काही नाही. मग पुन्हा गाणं. वहिनींनी अस्मितालाही सगळं सांगितलं असावं, कारण मध्येच तिचा चढा आवाज आला आणि लगेच बंद झाला. पोरीसमोर तिने आवरलं असणार.

दिवेलागणीला वहिनी खाली आल्या आणि माझ्या पायरीवर बसल्या. मला त्यांच्याशी बोलायचं नव्हतं. तरी मी विचारलं, प्याली का?

"प्याली. वाटीभर प्याली. लघवी बी केली. सलाइनचं काय काम न्हाई म्हणाले डॉक्टर."

मी म्हटलं, मग झालं की.

"झालं कसं?" त्या म्हणाल्या. "वाटी तीच की हो भावजी. मी भरलेली. पाणी बी त्येच."

त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं आणि त्या पाण्याकडे बघून मला त्यांची कीव आली नाही, पण रागही तेवढा राहिला नाही. एवढं होऊनही ही बाई जळतच होती, आणि ते लपवतही नव्हती.  कोपऱ्यावरच्या मेडिकलचे दिवे लागले.

वरून अस्मिताचा आवाज आला. ती अवंतिकाला सांगत होती, आता जेवल्याशिवाय जायचं नाही. वहिनींनी तो ऐकला, पदराने तोंड पुसलं आणि भाकरी टाकायला वर गेल्या.